राखाडी बांगड्यांचं झाड

कुंडी उपडी केली आणि असा काही वास सुटला की लाटकरवहिनींनी नाकाला पदर लावला आणि त्या पार दारापर्यंत मागे सरल्या.

“अगं बाई! मेलंबिलं की काय?”

“अजून नाही,” मी म्हणाले. “पण निघालंय.”

समोर वर्तमानपत्रावर सीतेची वेणी आडवी पडली होती. आमच्या घाटमाथ्यावर हे ऑर्किड आंब्या-फणसाच्या फांद्यांवर आपोआप वाढतं आणि मिरगाच्या आधी त्याला गुलाबी फुलांचा वेणीसारखा लांब घोस लोंबतो. ही मात्र पांढरी होती, एक ठिपका म्हणून नाही. अशी वेणी तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तिच्याच जोरावर लाटकरवहिनी गावच्या फुलांच्या मंडळाच्या अध्यक्षा झाल्या होत्या. मंडळाच्या बिल्ल्यावर तिचं चित्र, हॉलच्या पडद्यावर तिचं चित्र. आता तिची पानं सुरकुतली होती आणि मुळांना बुरशी लागली होती.

“कोल्हापूरहून दोघे येऊन गेले बघून. दोघांनी हात टेकले,” वहिनी पदराआडून म्हणाल्या. “मग म्हटलं, आपल्या गावची पोर शेतकी शिकून आलीय, नर्सरी काढलीय, तिलाच बोलवावं. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला?”

मी हसले. ते हसू ओठांवर आणताना माझा जबडा दुखला. खरं सांगते, त्या दिवशी मी झाड वाचवायला गेलेच नव्हते. ते मरताना बघायला गेले होते.

कारण ते झाड आमचं होतं. बाजारपेठेत माझ्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं, अंधारे कासारांचं. दुकान वडिलांचं, पण बायकांच्या हातात बांगड्या चढवायची ती माझी आई, यमुना. दुकानामागच्या पडवीत तिची झाडं टांगलेली असायची. वादळात मोडून पडलेल्या फांदीवरून तिनं ही पांढरी वेणी सोडवून आणली, कुंडीत लावली आणि लेकरासारखी जपली. एका लग्नसराईत, दुकानात बायकांची झुंबड असताना, ती पडवीतून नाहीशी झाली. पुढच्या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनात पांढरी वेणी फुललेली दिसली, आणि खाली चिठ्ठी लाटकरवहिनींच्या नावाची.

आई टेबलाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “हे माझं झाड हाय.”

वहिनी तिला बाजूला घेऊन बोलल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्यांनी माइक हातात घेतला. “ऐका हो सगळ्यांनी! यमुनाबाईंचं म्हणणं आहे, मी त्यांच्या पडवीत शिरून चोरी केली.” सगळा हॉल हसला. हे झाड आपल्या भावानं कुर्गहून पाठवलंय, असं त्यांनी सांगितलं, आणि मग म्हणाल्या, “यमुनाबाई, आळ घेतलात तो सगळ्यांदेखत घेतलात. आता चुकले म्हणा, तेही सगळ्यांदेखत.”

आईनं वडिलांकडे पाहिलं. लाटकर तुटले तर निम्मं गाव दुकानात यायचं बंद होईल, या भीतीनं वडिलांनी तिला कोपरानं ढोसलं. आईनं माइकसमोर मान खाली घालून “चुकले” म्हटलं. आवाज मागपर्यंत आला नाही म्हणून वहिनींनी तिला ते परत म्हणायला लावलं.

मी मागे उभी होते. कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. त्यानंतर आईनं उरलेली झाडं शेजारीपाजारी वाटून टाकली आणि त्या हॉलची पायरी पुन्हा चढली नाही. पुढं वडील गेले, दुकान आईच बघू लागली, मी शिकून आले. वहिनी मात्र सगळं विसरल्या होत्या. विसरल्या नसत्या तर मला गाडी पाठवून बोलावलं असतं होय?

“याला पाणी कोण घालतं?” मी विचारलं.

“मीच. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. रोज देवाचं तीर्थ घालते.”

“कसलं तीर्थ?”

“अगं, अभिषेकाचं. हे झाल्यापासून,” म्हणजे नवऱ्याचं हार्टचं ऑपरेशन झाल्यापासून, “रोज पंचामृताचा अभिषेक असतो आमच्याकडे. ते पाणी मोरीत ओतायचं नसतं ना, पायदळी येतं. तुळशीला किती घालणार? म्हणून म्हटलं, याला घालावं. तेवढंच पुण्य.”

दूध, दही, मध, साखर! जंगलात झाडाच्या सालीवर वाऱ्यात मुळं पसरून जगणाऱ्या जिवाला ही बाई रोज पंचामृत पाजत होती.

“वहिनी, देवाला साखर पचते. मुळांना नाही पचत. बुरशीला मात्र फार आवडते.”

“म्हणजे तीर्थानं मेलं म्हणतेस?” त्यांचा आवाज कापला. “कुंदा, असं अभद्र बोलू नको गं. पुढच्याच्या पुढच्या वर्षी मंडळाचा रौप्यमहोत्सव आहे. हे झाड नसेल तर मी तिथं कुठल्या तोंडानं बसू?”

बरं झालं, मी मनात म्हटलं. मग मुळांचा गोळा कोमट पाण्याच्या बादलीत धरला आणि बोटांनी सोडवायला लागले. जिवंत मूळ पांढरं, घट्ट, टोकाला हिरवं असतं. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. इथं बहुतेक सगळे दोरेच होते. साली ओढत ओढत मी गोळ्याच्या मधोमध पोचले, आणि बोटाला काहीतरी टोचलं.

काच होती. राखाडी रंगाची, जराशी वाकडी, बांगडीचा तुकडा. आणखी चाचपलं तर आणखी तुकडे. एका जाड, धडधाकट मुळानं असे दोन तुकडे वेटोळं घालून पोटाशी धरले होते. वर्षानुवर्षं वाढता वाढता ते मूळ काचेला असं चिकटलं होतं की काच ओढली असती तर मूळ तुटलं असतं.

त्या काचेची हकिकत सांगायला हवी. मी शाळेत असताना वडिलांनी फिरोजाबादहून चंदेरी बांगड्या मागवल्या. नमुना दिव्याखाली पाहिलेला. पेट्या उघडल्या तर आत चुलीतल्या राखेच्या रंगाच्या बांगड्या! कोणती सवाशीण घालील त्या? कोणी म्हणजे कोणी घातल्या नाहीत. वर्षभर गावानं वडिलांची टिंगल केली. “काय अंधारे, राखुंडीबरोबर बांगडी फुकट का?” शेवटी आईनं वरवंटा घेऊन त्या पेट्याच्या पेट्या फोडल्या आणि कुंड्यांत कोळशाखाली घातल्या. पाण्याचा निचरा होतो, गोगलगाय चढत नाही. कोऱ्या बांगड्या फोडताना तिला कसंसंच व्हायचं, म्हणून प्रत्येक घावाला ती ‘वाढल्या’ म्हणायची. राखाडी बांगडी आमच्या गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि कुर्गला तर नव्हतीच नव्हती.

ज्यानं झाड चोरलं त्यानं मुळांचा गोळा आहे तसा उचलून भारीतल्या कुंडीत बसवला होता. ऑर्किडची मुळं हलवायची नसतात एवढं त्याला ठाऊक होतं.

“काय गं, थांबलीस का?” दारातून वहिनींनी विचारलं. वासामुळे त्या पुढं यायला तयार नव्हत्या.

“काही नाही,” मी म्हणाले. “हे इथं व्हायचं नाही. घरी न्यायला लागेल.”

“ने गं बाई, ने. तुझ्या हाताला यश येऊ दे.”

घरी आई दुकान बंद करून तांदूळ निवडत बसली होती. मी परात तिच्यापुढं ठेवली आणि वरचं ओलं फडकं काढलं. तिनं झाड ओळखलं. मग ते मूळ उचलून तिला काच दाखवली. तिनं तुकड्यावर बोट फिरवलं आणि ते बोट तिथंच ठेवून बसली.

“मी आत्ता उठून मंडळात जाते,” मी म्हणाले. “सगळ्यांपुढं हे आपटते.”

“आणि काय म्हणतील? काच तूच घातलीस म्हणतील. झाड तुझ्याच घरात हाय.”

“मग मरू दे हे. वाचलं नाही म्हणून सांगते. बसू दे रडत.”

आईनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. “मेलं तर ती सुटली की गं. चार दिस रडंल, लोक तिचं सांत्वन करतील.” मग म्हणाली, “बरं कर ह्याला.”

“आई!”

“अगदी चांगलं बरं कर. फुलू दे. जो गुळानं मरतो त्याला विष कशाला घालायचं? रौप्यमहोत्सव हाय म्हणतीस न्हवं? तिथं येऊ दे ह्याला. तिच्या हातानं येऊ दे. मग सगळ्यांपुढं उपडं कर.”

“फुललेलं झाड उपडं करू? तूच सांगायचीस, फुललेल्या झाडाची मुळं हलवू नयेत.”

“त्या दिवशी मी तेच केलं,” आई म्हणाली. “काच आत हाय हे मला ठाऊक होतं. कुंडी उलटी करा एवढं म्हणायचं होतं. पण घोस भरलेला होता, झाडाची दया आली, म्हणून गप बसले. आता न्हाई येत दया.”

सगळी वर्षं ही बाई पुरावा पोटात घेऊन बांगड्या भरत बसली होती, हे मला त्या दिवशी कळलं. माझा राग तिच्या रागापुढं काहीच नव्हता.

आता खरी पंचाईत होती ती झाडाची. नियम साधा असतो: सडकं तेवढं सगळं छाटायचं, निरोगी भागापर्यंत. इथं खोडाचं बूडच सडायला लागलं होतं, आणि काच धरलेलं मूळ नेमकं त्या बुडातून निघालं होतं. बूड कापून टाकलं तर झाड नक्की वाचलं असतं, वर दोन चांगली मुळं होती. पण मग काच धरलेलं मूळ गेलं असतं, आणि काच नुसती परत कुंडीत टाकून काय उपयोग? मुळानं धरलेली काच खोटी पाडता येत नाही. बूड ठेवलं तर बुरशी वर चढून सगळंच जायची भीती.

“काय करू?” मी आईला विचारलं.

“शिकलीस कशाला एवढं?”

मी ब्लेड दिव्यावर तापवलं. सडकी मुळं एकेक करून छाटली, प्रत्येक छाटणीनंतर ब्लेड पुन्हा तापवलं, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्याला लागते. मग बूड घेतलं. दात कोरावा तसं त्याचं तपकिरी तेवढं कोरून काढलं, मूळ निघतं ती जागा तेवढी सांभाळली. आतला पांढरट हिरवा गर दिसला तेव्हा हात थांबवला. झाड बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून काढलं आणि फक्त खोडावरच्या जखमेत दालचिनीची पूड दाबली. मुळांना ती लागू दिली नाही, कारण दालचिनी बुरशीबरोबर चांगल्या मुळालाही सुकवते. मग झाड तसंच उघडं, कोळशाशिवाय, पडवीत वाऱ्याला टांगलं.

त्या दिवसांत मी सकाळी उठून देवाचं तोंड न बघता त्या बुडाचं तोंड बघत होते. एकदा जखमेच्या कडेला पुन्हा तपकिरी डाग आला. पुन्हा कोरलं, पुन्हा पूड भरली. आई लांबून विचारायची, “धरलंय का अजून?” मी म्हणायचे, धरलंय. शेवटी एका सकाळी त्या जाड मुळाला हिरवंगार टोक फुटलेलं दिसलं. मी आईला हाक मारली. एवढ्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि ते हसू काही मायेचं नव्हतं.

नवीन कोळसा, विटांचे खडे आणि बाजूंना भोकं असलेली मातीची कुंडी, असं लावून झाड मी लाटकरांच्या बंगल्यावर नेऊन दिलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तीर्थाचा एक थेंब नको,” मी बजावलं. “आणि कुंडीला हात लावायचा नाही. दुसऱ्या कोणाला तर नाहीच.”

“तुझ्याशिवाय कोणी शिवणार नाही. तू मला मुलीसारखीच गं.”

पुढं मी नेमानं त्यांच्याकडे जात राहिले. झाड बघायचे, पाणी किती घालायचं ते सांगायचे, त्यांच्या हातची वेलदोड्याची कॉफी प्यायचे. ओठात एक नि पोटात एक कसं ठेवायचं, ते मी त्या बंगल्यात शिकले. पहिल्या उन्हाळ्यात वेणी फुलली नाही. वहिनी हवालदिल झाल्या, मी धीर दिला. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या बेचक्यातून दांडा निघाला आणि मिरगाच्या तोंडावर असा घोस लोंबला की बघणाऱ्यानं हात जोडावेत.

रौप्यमहोत्सवाला हॉल गच्च भरला होता. कोल्हापूरचे एक कृषी अधिकारी परीक्षक होते. पांढऱ्या वेणीला पहिला नंबर मिळाला, तो मिळणारच होता. वहिनी पैठणी नेसून माइकवर उभ्या राहिल्या. “हे झाड मरणाच्या दारातून परत आणलं ते आपल्या कुंदानं. तिचा सत्कार आपण करतो आहोत. कुंदा, ये बाळ, कसं वाचवलंस ते सांग सगळ्यांना.”

ही कल्पना त्यांचीच होती. मी फक्त नाही म्हटलं नव्हतं.

शाल-श्रीफळ घेऊन मी बुरशीबद्दल सांगितलं, तीर्थाबद्दल सांगितलं. लोक हसले, वहिनीही हसल्या. मग मी म्हणाले, “मुळं बरी झाल्याशिवाय झाड बरं झालं म्हणू नये. साहेब, मुळं बघणार का?”

“अवश्य!” परीक्षक म्हणाले.

“अगं, फुललेलं आहे,” वहिनी पटकन म्हणाल्या. “आत्ता नको.”

पण मी तोवर कुंडी आडवी केली होती. कोळसा पसरला. घोसाची निम्मी फुलं टेबलावर गळली. मी झाड वर धरलं. पांढरी स्वच्छ मुळं खाली लोंबली, आणि मधोमध त्या जाड मुळाच्या वेटोळ्यात राखाडी काच चमकत होती.

“हे काय?” परीक्षकांनी चष्मा सावरून विचारलं.

“बांगडीचे तुकडे. मुळानं पकडलेत. बघा ओढून, निघत नाहीत. अशी पकड बसायला फार वर्षं लागतात ना, साहेब?”

“फारच. झाड लहान असल्यापासून असणार ही.”

पहिल्या रांगेत भांडीवाल्यांची म्हातारी राधाक्का बसली होती. ती डोळे बारीक करून उठली, जवळ आली आणि मोठ्यानं हसायला लागली. “अगं बया! ह्या तर अंधाऱ्यांच्या राखुंडी बांगड्या की गं!”

दोन-चार जणी हसल्या. मग हसू बंद झालं, कारण एकेकीच्या डोक्यात उजेड पडत होता. कोणीतरी मागून विचारलं, “वहिनी, कुर्गला गेल्या होत्या काय ह्या बांगड्या?”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आई उठली. ती आलीय हे मलासुद्धा दिसलं नव्हतं. ती सावकाश स्टेजवर चढली, माइकची दांडी धरली आणि ती वहिनींच्या तोंडासमोर फिरवली.

“बोला,” आई म्हणाली.

वहिनींनी माइककडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं. पदर सावरून त्या स्टेजच्या मागच्या दारानं निघून गेल्या. आईनं माझ्या हातातलं झाड घेतलं, कडेवर पोर घ्यावं तसं घेतलं, आणि समोरच्या दारानं, सगळ्यांच्या मधून चालत घरी आली. तिला कोणी अडवलं नाही. दोन-तीन बायका उठून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. लाटकरवहिनी होत्या. गाडी नाही, ड्रायव्हर नाही, चालत आल्या होत्या. डोळे सुजले होते.

“यमुनाबाई आहेत?”

“काय काम होतं?”

“कुंदा, झाड मीच आणवलं होतं गं. मोह झाला. नंतर परत द्यायची लाज वाटली, आणि मग...” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “मला त्यांना चुकले म्हणायचंय. पाया पडते मी त्यांच्या.”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्यांची कीव आली. मी आत गेले. आई आतल्या खोलीत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“घरात नाही म्हणून सांगू?” मी हळूच विचारलं.

“खोटं कशाला सांगतीस? हाय म्हणून सांग. आणि भेटायचं न्हाई म्हणून सांग.”

“आई, माफी मागायला आल्यात त्या.”

“मी माइकवर मागितली होती,” आई म्हणाली. “दोनदा. तिनं उंबऱ्यावर मागून चालायचं न्हाई. काल माइक दिला होता मी तिला.”

मी बाहेर गेले आणि शब्दन् शब्द तसाच सांगितला. वहिनी वळल्या आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या. मी दार लावून आत आले.

“गेली?” आईनं विचारलं.

“गेल्या. पायऱ्या उतरताना रडत होत्या.”

“दिसलं मला,” आई म्हणाली. “खिडकीतच उभी हाय मी.”